काचेची पूड

१२ जानेवारी

ही डायरी कचऱ्यातून आली. कुठल्यातरी कचेरीतून टेबलांसकट कंप्युटर उचलून आणले होते, त्यातल्या एका खणात ही कोरी करकरीत पडलेली. मुकादम म्हणाला, "घेऊन जा, कागद आपल्याला चालत नाही." जुन्या सालची आहे, म्हणून तारखा जुळतात आणि वार जुळत नाहीत. वार खोडून टाकायचे ठरवलंय.

आज कामाचा पहिला दिवस. फर्निचरच्या दुकानात बिलं करायचे, ते दुकान बंद पडल्यापासून घरातच होते. शेजारणींना सांगून टाकलं की कंप्युटरच्या कंपनीत लागले. खोटं नाही काही. कंप्युटर आहेत, ढिगाने आहेत, फक्त मेलेले आहेत.

पुढचा हॉल बघून वाटलं, वा, नशीब काढलं आपण. चकाचक फरशी, एसी, निळ्या कोटातली पोरं लॅपटॉप उघडून बसलेली. एका मशीनमध्ये हार्ड डिस्क घालतात आणि ती दाणकन भोक पाडते, म्हणजे कुणाची माहिती कुणाच्या हाती लागू नये. भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. मी तिथेच खुर्ची शोधायला लागले. मुकादम हसला. "ताई, तुम्ही मागे."

मागे म्हणजे पत्र्याची शेड. दारातूनच ढीग सुरू होतात. प्रिंटरचा ढीग, कीबोर्डचा ढीग, वायरींचा गुंता. आणि सगळ्यांत मोठा ढीग जुन्या डबा टीव्हींचा नि जाडजूड मॉनिटरचा. सगळे काळ्या तोंडाने आपल्याकडे बघत असल्यासारखे. आम्हा बायकांना ते फोडायचे आहेत.

१५ जानेवारी

काम जमायला लागलं. मागचं प्लास्टिक उचकटायचं, तांब्याची गुंडाळी काढून टबात टाकायची, मग पिक्चर ट्यूबच्या मानेवर हातोडीचा हलका टोला. आत पोकळी असते, म्हणून हवा सूं करून आत शिरते. पहिल्यांदा मी दचकून मागे पडले, सगळ्या जणी खिदळल्या. मग पुढची काच वेगळी, मागची वेगळी. आतून एक राखाडी पूड चिकटलेली असते, ती ब्रशने झाडून काढायची.

माझ्या टेबलावर जी बाई आहे तिला सगळे रेडिओ म्हणतात. सकाळी सुरू होते ती सुट्टी झाल्यावरच बंद. नवऱ्याचं घोरणं, जावेचा स्वभाव, लग्नाला सहा वर्षं होऊन अजून पाळणा हलला नाही ते दुःखसुद्धा ती मोठ्याने, सगळ्या शेडला सांगते. तिनेच मला शिकवलं, "नाकाला ओढणी बांध. काच नाकात गेली तर शिंकून शिंकून मरशील."

मास्क मिळतो का, विचारलं. मुकादम म्हणाला, मागवलेत.

२८ जानेवारी

माझी लेक पिटू आता मी यायच्या वेळेला दारातच बसून असते. अजून तीनची व्हायची आहे, पण तोंड चालतं ते काय विचारू नका. रेडिओला भारी पडेल. मी पायऱ्या चढले की धावत येऊन गुडघ्यांनाच मिठी, मग कडेवर, मग माझी ओढणी खेचून स्वतःच्या गळ्यात. ओढणीचं टोक तोंडात धरल्याशिवाय तिला झोप येत नाही. मीही धुवायला टाकत नाही. दिवसभर आई नसते, निदान आईचा वास तरी असू दे.

आज तिच्यासाठी कीबोर्डची बटणं आणली, पिशवीभर. अक्षरं शिकेल. तिने ती खुळखुळ्यासारखी वाजवली आणि एक एक तोंडात घालून बघितलं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, कपडे बाहेर झटकत जा. आल्या आल्या खोलीत धूळ नुसती. पाणी प्यायला गेलं तरी भांड्यावर थर."

मी म्हटलं, "बाहेर कुठे झटकू? जिन्यात? लोक काय म्हणतील?"

"लोक नाही झाडू मारत इथे, मी मारते."

वाईट वाटलं. मी दिवसभर उभी राहून आलेली असते. एक कप चहा पुढे करायच्या ऐवजी धुळीचा हिशेब.

२० फेब्रुवारी

आज गंमत. मोठ्या कंपनीचे पाहुणे येणार म्हणून सकाळी सकाळी आम्हाला मास्क वाटले, हातमोजे वाटले, गॉगलसुद्धा. रेडिओ म्हणाली, "आज आपण सगळ्या सर्जन." मागच्या शेडचं दार ओढून घेतलं आणि आम्हाला पुढच्या हॉलमध्ये नेऊन कीबोर्ड पुसायला बसवलं. पाहुणे आले, हसले, फोटो काढले. एका बाईंनी मला विचारलं, इथे आवडतं का? मी हो म्हटलं. काय म्हणणार?

ते गेल्यावर मुकादमाने टोपली फिरवली आणि मास्क परत घेतले. कुणाचा कोणता हे पुढच्या वेळी कळणार कसं, म्हणून आम्ही त्यावर लिपस्टिकने खुणा करून दिले. शेडमध्ये परतताना पोट धरून हसत होतो.

८ मार्च

पिटूचं पोट दुखतं म्हणते. जेवत नाही. दोन दोन दिवस शी होत नाही, मग कुंथून कुंथून रडते. दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले जंत असतील, रक्तही जरा कमी दिसतंय. जंताचं औषध दिलं आणि लाल टॉनिक.

रेडिओला दिवस गेले! सगळ्या शेडला सांगून झालं. तिसरा महिना लागल्याशिवाय सांगू नये म्हणतात तर ती म्हणाली, "मला तोवर सांगितल्याशिवाय राहवेल का, तूच सांग."

४ एप्रिल

मला टेबलाची मुख्य केलं. हात साफ आहे म्हणे. आता ट्यूब फोडण्याबरोबर पूड गोळा करून पोत्यात भरायचं कामही माझ्याकडे. पोतं आपटून दाबावं लागतं, नाहीतर मावत नाही. पूड खाली बसते तेव्हा राखेत लोळून उठल्यासारखी दिसते मी. पण पगारवाढ आहे. ह्यांना फोन करून सांगितलं. ह्यांचा ट्रक कुठल्यातरी घाटात अडकला होता. म्हणाले, "तू तर माझ्यापुढे गेलीस." आवाजात कौतुक होतं. किती दिवसांनी ऐकलं.

पिटूची चिडचिड फार वाढलीये. आज जवळ घेतलं तर मलाच चावली.

१९ एप्रिल

दुपारी लवकर सुटले म्हणून घरी आले तर सासूबाई डोळा लागून पडलेल्या आणि पिटू कोपऱ्यात भिंतीचा पोपडा नखाने खरवडून खातेय. तोंड पांढरं. मी बोटाने काढायला गेले तर भडभडून ओकली.

१ मे

झालं ते लिहून ठेवते.

जंताचं औषध दोनदा झालं, टॉनिकची बाटली संपली, पोर काही अंग धरत नाही. पांढरीफटक पडलीये. आज आले तर ताट तसंच, आणि सासूबाई तिला बिस्किट देत होत्या. माझं डोकंच फिरलं.

"दिवसभर घरात असता. एक पोर सांभाळता येत नाही तुम्हाला?"

"खात नाही ती. मी काय करू? सकाळपासून मागे लागलेय."

"मागे लागता की झोपता? भिंत खाल्ली तिने त्या दिवशी. उद्या काहीही खाईल. कुठलं काय चाटवता, कुठलं काय भरवता, मला काय कळतंय?"

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "माझ्या हातून तुझा नवरा वाढलाय."

मी म्हटलं, "वाढला असेल आपला आपण."

ते वाक्य तोंडातून गेलंच. त्यांनी कपड्यांची पिशवी भरली. मी थांबवलं नाही. ह्यांच्या बहिणीकडे गेल्या असणार, दुसरीकडे जातील कुठे? पिटू दाराला धरून "आजी, आजी" करत राहिली.

ह्यांचा फोन आला. "आईला काय बोललीस?" मी म्हटलं, जे दिसलं ते बोलले. त्यांनी फोन ठेवला.

३ मे

पिटूला कोण बघणार? शेवटी मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "आण की. फक्त पाहुणे असतील त्या दिवशी नको." भला माणूस आहे.

टेबलामागे भरलेल्या पोत्यांचा बिछाना केला, वर माझी ओढणी अंथरली. पिटू त्यावर दिवसभर होती. रेडिओने तिला तांब्याच्या तारेच्या बांगड्या करून दिल्या. काम करता करता मान वळवली की लेक दिसते. हे आधीच करायला हवं होतं. उगाच दुसऱ्याच्या जिवावर टाकलं पोरीला.

१६ मे

पिटू शहाणी झाली. रडत नाही, हट्ट करत नाही. पोत्यावर बसवली की बसलेली राहते. ओकाऱ्याही कमी आहेत. रेडिओ म्हणाली, "काय गं, हिची बडबड कुठे गेली?" मी म्हटलं, आईजवळ आहे ना, समाधान झालंय तिचं.

२७ मे

आज पिटूला कंगवा दाखवून विचारलं, हे काय? बघत राहिली. तिला येतो तो शब्द, कधीचा येतो. मग आरसा दाखवला. मग चप्पल. माझ्याकडे बघून हसली नुसती.

दमली असेल.

३० मे

हॉस्पिटलमधून लिहितेय.

सकाळी शेडमध्ये पिटूला आकडी आली. पोत्यावरून खाली घसरली, डोळे पांढरे, हातपाय ताठ. रेडिओ किंचाळली. मी उचलून रस्त्यावर पळाले, रिक्षा कुणी थांबवली तेही आठवत नाही.

आता झोपलीये. हाताला सुई लावलीये, हात फळीला बांधलाय. तो हात एवढा बारीक कधी झाला?

१ जून

रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावलं. तरुण आहेत, केस घट्ट बांधलेले, बोलताना पेनाचं टोपण लावत-काढत होत्या.

"घराला नवा रंग दिलाय? जुना रंग सुटतोय कुठे?"

"पोपडे आहेत. पण चुना आहे तो."

"घरचं कुठलं औषध? मुळी, भस्म, काही चाटवलं?"

मी लगेच म्हटलं, "सासूबाई होत्या घरी. त्यांनी काही चाटवलं असेल. मला सांगणार नाहीत त्या." किती पटकन आलं तोंडात.

"कधी गेल्या त्या?"

"महिना झाला."

मी आधी सांगितलेलं दुखणं तारखांसकट त्यांनी कागदावर उतरवलं होतं, ते बघितलं. "त्यानंतर तर जास्त झालेलं दिसतंय. तुम्ही काय काम करता?"

"कंप्युटरचं."

"म्हणजे नक्की काय?"

मग सांगितलं. ट्यूब, हातोडी, ब्रश, पूड, पोती. बोलत असताना त्यांचं टोपण थांबलं.

"आणि मुलगी कुठे असते?"

"माझ्याजवळच. पोत्यांवर."

त्यांनी पेन खिशात ठेवलं. मग म्हणाल्या, "हिच्या अंगात शिसं आहे. खूप."

"शिसपेन्सिलीतलं?"

"नाही हो. पेन्सिलीत नावालाच असतं ते. जुन्या टीव्हीच्या मागच्या काचेत खरं असतं. काच फुटली की धुळीतून येतं. हाताला, केसांना, कपड्यांना. मूल हात तोंडात घालतं, कपडा तोंडात घालतं." त्यांनी रक्तातला आकडा सांगितला. मला आकडा कळला नाही, त्यांचा चेहरा कळला.

"बरी होईल ना?"

"औषधाने शिसं बरंचसं बाहेर काढू. डोक्याला जे झालंय ते किती भरून येईल, मी आज शब्द देणार नाही तुम्हाला."

मी विचारलं, हे कधीपासूनचं असेल. त्या म्हणाल्या, पोटदुखी कधी सुरू झाली तेव्हाच्याही आधीपासून.

हॉस्पिटलच्या नळावर गेले. हात धुतले. परत धुतले. मग कळेना, ह्याच कपड्यांनी आत जाऊ की नको. दाराशीच उभी राहिले. पिटूने जागी होऊन हात पुढे केले, आणि मी तिला घेतलं नाही.

४ जून

हे आले. ट्रक दुसऱ्याच्या ताब्यात देऊन आले. मी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता, आईंना काय बोलले तेही. ते मला शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी पिटूच्या पायावर हात ठेवला आणि म्हणाले, "आईकडे तू जा. मी गेलो तर त्याला अर्थ नाही."

५ जून

नणंदेने दार उघडलं आणि मला बघून बाजूला झाली. "ये" म्हणाली नाही. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. खंगल्या आहेत.

"पिटू कशी आहे?" पहिलं वाक्य हेच.

मी खालीच बसले. म्हटलं, "आई, ते माझ्या कामातलं आहे. माझ्या कपड्यातून, ओढणीतून गेलं तिच्या पोटात. तुम्ही कपडे बाहेर झटक म्हणाला होतात."

मला वाटलं, आता बोलतील. बोलायला हक्क होता त्यांचा. पण त्यांचा आवाजच बारीक झाला.

"म्हणजे माझ्या हातून नाही ना झालं?"

मला समजलंच नाही आधी.

"इथे बसून रोज आठवतेय," त्या म्हणाल्या, "काय दिलं मी तिला. दूध उतू गेलेलं दिलं का? बिस्किट जुनं होतं का? माझा डोळा लागला तेव्हा काय गिळलं तिने? महिनाभर एकेक घास आठवतेय."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी सोडवून घेतले. "ऊठ. ते नंतर. माझ्या चपला कुठे ठेवल्या हिने?"

रिक्षात एकदाच बोलल्या. "ते वाक्य मी विसरणार नाही हो." मी म्हटलं, "नका विसरू."

१८ जून

शेडवर गेले. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, बाकीच्या बायकांनाही सांगा, मुलांची रक्तं तपासून घ्या. त्यांनी वरही लिहून कळवलंय. त्यावरून तपासणीला सरकारी साहेब येऊन गेले म्हणे. पुढचा हॉल बघितला, सर्टिफिकेटं बघितली, गेले.

मुकादमाने गेटवरच अडवलं. "धूळ काय इथेच असते होय? रस्त्यावर नसते? आणि पोरीला इथे झोपवायला मी सांगितलं होतं का? तुम्हीच हातापाया पडलात."

हे खोटं म्हणता येईना.

सुट्टी झाली तेव्हा बायका बाहेर आल्या. मी एकेकीला थांबवून सांगितलं. एक म्हणाली, माझी चारही धडधाकट आहेत. एक म्हणाली, काम बंद झालं तर तू पोसणार का? दोघी जणी ऐकून घेतल्यासारखं करून चालू लागल्या. रेडिओ सगळ्यांत शेवटी आली. पोट दिसायला लागलंय आता. माझ्याकडे न बघता पर्स छातीशी धरून भरभर निघून गेली.

२ जुलै

पिटूला घरी आणलं. औषधाचे अजून फेरे बाकी आहेत. चालते, पण भिंत धरून. ह्यांनी खोली पाण्याने धुऊन काढली, फटी चिंधीने पुसल्या, गादी फेकून दिली. ओढणी मी स्वतः बांधून हॉस्पिटलच्या कचऱ्यात टाकून आले. पिटू ती शोधत सगळ्या खोलीभर फिरली. मागता येत नाही ना तिला आता. नुसतं शोधायचं.

मला काम नाही. कंप्युटरच्या कंपनीत काय झालं, असं शेजारीण विचारत होती.

९ जुलै

संध्याकाळी दारात रेडिओ. थेट कामावरून आलेली, केसांवर पूड तशीच. मी "ये" म्हटलं तर उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

"आत नाही येत. कपडे तेच आहेत."

तिला बोलायला शब्द शोधताना मी प्रथमच बघत होते. शेवटी म्हणाली, "पोटात असताना पण लागतं का गं?"

तिला हवं असलेलं उत्तर मला माहीत होतं. सहा वर्षं वाट बघितलीये तिने.

"लागतं," मी म्हटलं. "मी विचारलं होतं डॉक्टरबाईंना. तू आली नाहीस तरी येऊन सांगणार होते."

ती खाली पायरीवर बसली. "उद्या जायलाच लागेल मला. ह्यांचं काम सुटलंय."

जाऊ नकोस म्हणणं सोपं आहे.

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. बादली, तांब्या आणि साबण घेऊन बाहेर आल्या, खांद्यावर माझे धुतलेले कपडे. "आधी हात पुढे कर. केसांचं मग बघू. हे कपडे घाल आणि मग आत ये. उद्या त्या डॉक्टरबाईंकडे मी येते तुझ्याबरोबर. कामाचं त्यानंतर ठरव."

रेडिओने हात पुढे केले. सासूबाई पाणी ओतत होत्या, ती चोळत होती. फेस राखाडी होऊन पायरीवरून खाली जात होता.

"अजून घास. नखात आहे."

पिटू भिंत धरत धरत दारापर्यंत आली आणि धारेकडे बघत उभी राहिली. सासूबाईंनी तांब्या तसाच हातात धरला. "हे काय, पिटू? पाणी. म्हण, पाणी."

आम्ही तिघी थांबलो. पिटूने ओठ हलवले. आवाज आला नाही. मग तिने हात लांब करून धारेखाली धरला, आणि सासूबाई पुन्हा ओतायला लागल्या.